अक्षरे हरवली नव्हती



विंडोज १० ची नियमित देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली, म्हणून आम्ही कार्यालयातील संगणक पुसून त्यात विंडोज ११ बसवून घेतले. पेनड्राईव्हवर जपलेले जुने मराठी दाखले उघडले, तर पडद्यावर इंग्रजी अक्षरांची आणि खुणांची खिचडी! दाखल्याच्या प्रतीसाठी रामनगरहून आलेल्या माजी विद्यार्थ्याला रिकाम्या हाती परत पाठवावे लागले. आम्हांला फार वाईट वाटले.

कारण साधे होते. जुन्या फॉन्टमध्ये मराठी अक्षरांची चित्रे इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेली असत. संगणक पुसताना तो फॉन्ट गेला आणि खालची इंग्रजी अक्षरे उघडी पडली. युनिकोडमध्ये मात्र १९९१ पासून देवनागरीला स्वतःच्या १२८ जागा आहेत, म्हणून तो मजकूर कोणत्याही नव्या संगणकावर वाचता येतो.

असे झाल्यास काय करावे?

१. फाईल पुसू नका. आधी तिची आणखी एक प्रत घ्या.
२. मजकूर निवडून फॉन्टचे नाव पाहा. तो फॉन्ट दुसऱ्या जुन्या संगणकातून आणून बसवा.
३. अक्षरे दिसली की पीडीएफ करा व एक प्रत छापून ठेवा.
४. मग मजकूर युनिकोडमध्ये बदला आणि छापील प्रतीशी ताडून पाहा. रफार, पहिली वेलांटी व जोडाक्षरे नीट तपासा, विशेषतः नावांतील.

आमच्या ग्रंथालयातील जुन्या संगणकात तो फॉन्ट सापडला आणि त्या विद्यार्थ्याला दाखला मिळाला. यापुढे शाळेचे प्रत्येक मराठी पान युनिकोडमध्येच टाइप होईल. घरी जुनी मराठी पत्रे, पत्रिका संगणकात असतील, तर अपडेटपूर्वीच त्यांचा फॉन्ट जपून ठेवावा, ही विनंती.