जोड उघडता आला पाहिजे

इतवारी, नागपूर
पोळ्याआधीचा रविवार

चि. छोटी,

तुझं कडं पाहिलं. चामडं चांगलं निवडलंस, पट्टीच्या कडा घासून गुळगुळीत केल्यास आणि चांदीच्या पत्र्यावरची वेल तर आपल्या सराफ्यातल्या जुन्या हातांनी मान डोलवावी अशी उतरली आहे. पण तो पत्रा तू चामड्याला आधी चिकटवलास आणि वरून चार लोखंडी खिळे मारून त्यांची डोकी पसरवून टाकलीस. माझं बरंचसं बोलणं त्या चार खिळ्यांबद्दल आहे. तुझ्या मामीचं म्हणणं, पोरीनं एवढ्या हौशीनं पाठवलं तर तुम्ही काहून खोडच काढता? पण तू हे विकणार आहेस. विकायच्या वस्तूला खोड आधी घरच्यांनी काढलेली बरी.

मनगटावर रोज वागवलेलं चामडं घाम पितं, तेल पितं, उन्हात वाळतं, आणि काही वर्षांत वाकणीवर तडकतं. चांदीचं तसं नाही. ती काळी पडेल, तिच्यावर ओरखडे येतील, पण पणतीच्या लग्नापर्यंत ती टिकते. अशा दोन वेगवेगळ्या आयुष्यांच्या वस्तू तू कायमच्या एकमेकींना जखडल्यास, म्हणजे चांदीचं आयुष्य चामड्याएवढं करून ठेवलंस. गिऱ्हाईक पट्टा तुटल्यावर ते कडं मोडीत घालेल आणि तुझी वेल मुशीत जाईल. म्हणून माझं पहिलं आणि खरं म्हणजे एकच सांगणं: चांदी सहज सुटली पाहिजे आणि नव्या चामड्यावर पुन्हा बसली पाहिजे. बाकी सगळं याच्या मागून येतं.

अजब बंगल्यात कधी गेलीस तर शस्त्रांच्या दालनात वेळ काढ. १८६३ पासूनचं संग्रहालय आहे आपलं, आणि नागपूरकर शाळेच्या सहलीनंतर तिकडे फिरकत नाही. जुनी म्यानं कशी असायची ते समजून घे. आत लाकूड, वरून चामडं किंवा मखमल, तोंडाशी मोहनाळ आणि टोकाला तहनाळ, पुष्कळदा चांदीची. चामडं सडून गेलं तरी मोहनाळ आणि तहनाळ काढून नव्या म्यानावर चढवता येई. त्या कारागिरांनी चामडं संपणार हे धरूनच चांदी घडवली होती.

दुसरा दाखला लांबचा आहे, पण तुझ्या कामाला अगदी लागून. अमेरिकेच्या नैर्ऋत्येला नवाहो नावाचे आदिवासी राहतात. धनुष्याची दोरी सुटली की मनगटावर फटका बसतो, म्हणून ते डाव्या मनगटाला चामड्याचा रुंद पट्टा बांधत. त्याला केतोह म्हणतात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मेक्सिकन कारागिरांकडून ते चांदीकाम शिकले आणि या पट्ट्यावर चांदीचा पत्रा आला. धनुष्य गेलं, पट्टा दागिना होऊन राहिला. चांदी चामड्यावर बसवायची त्यांची एक जुनी रीत अशी, की पत्र्याच्या पाठीला कड्या डाखायच्या, त्या चामड्याच्या चिरांतून आत घ्यायच्या आणि आतून त्यांच्यात चामड्याचीच वादी ओवायची. वादी ओढली की पत्रा हातात. तू हीच रीत धर. मळसूत्राचे खिळेही चालतात, पण मळसूत्र घामानं अडकतं आणि त्याची चकती मनगटाला टोचते. वादी मऊ असते, कातडीला कातडीच लागते.

चिरेच्या दोन्ही टोकांना आधी बारीक गोल भोक पाड, मग रापीनं चीर दे. नाहीतर चीर पुढे फाटत जाते. आणि पत्र्याची खालची कोर कानशीनं मोडून घे. तुझ्या कड्यावर ती इतकी धारदार राहिली आहे की चामड्यावर आत्ताच रेघ उठली आहे.

आता ते लोखंडी खिळे. तू वापरलेलं चामडं झाडाच्या सालीनं कमावलेलं आहे, आणि ते योग्यच आहे. क्रोमचं चामडं मऊ आणि स्वस्त, पण त्यावर ठसा धरत नाही आणि कडा घासून चकाकत नाहीत. कापलेल्या कडेला निळसर राखी रंग दिसला की क्रोम समजायचं. सालीच्या चामड्यात बाभळीचा, हिरड्याचा, तरवडाचा तुरटपणा मुरलेला असतो. त्याला लोखंड आणि ओल मिळाली की काळं होतं. पूर्वी हिरडा आणि हिराकस घालून शाई करत, तीच क्रिया. एक पावसाळा गेला की तुझ्या प्रत्येक खिळ्याभोवती शाईचा डाग दिसेल आणि तो पुसला जाणार नाही. तयार टिचबटणंही अशीच. वरून चकाकतात, आत बहुधा लोखंड असतं, आणि वरच्या निकेलच्या मुलाम्यानं कित्येकांच्या अंगावर पुरळ उठतं. पितळ त्यातल्या त्यात बरं, पण चामड्यात मुरवलेल्या चरबीशी पितळेतल्या तांब्याचं जमत नाही, हिरवट मेणासारखा मळ साठतो. दागिन्याच्या चांदीतही थोडं तांबं असतंच, म्हणून वर्षातून एकदा पत्रा काढून पुसावा लागतो. चिकटवलेला पत्रा काढणार कसा? आणि चामड्यावर असतानाच रिठ्याचं पाणी किंवा पॉलिश लावलं तर चामडं डागाळतं. बघ, पुन्हा त्या जोडापाशीच आलो.

सीताबर्डीला जर्मन सिल्व्हरचे बक्कल आणि आकडे ढिगानं मिळतात. घेऊ नकोस. त्यात तांबं, निकेल आणि जस्त असतं, चांदी औषधालाही नसते.

कामाचा क्रम बदल. चांदीला डाख द्यायचा तर सातशे अंशांच्या आसपास तापवावी लागते. सालीचं ओलं चामडं सत्तर-ऐंशी अंशांनाच आकसून कडक होतं. म्हणजे चामडं जवळ आलं की आग संपली पाहिजे. आधी सगळा डाख, कड्या, आकडा, जे असेल ते. मग तुरटीच्या गरम पाण्यात टाकून काळेपणा काढ. मग पत्र्याला बांगडीच्या लाकडी साच्यावर गोलाई दे. आकड्याची जीभ मात्र शेवटी हातोडीनं ठोकून ताठ कर आणि त्यानंतर तिला पुन्हा विस्तव दाखवू नकोस, कारण तापवली की ठोकून आलेला ताठपणा जातो आणि आकडा दोन महिन्यांत सैल होतो. उजाळा त्याच्याही नंतर. चामडं सगळ्यात शेवटी. आणि रेण घेताना केडीएम नको. त्यातल्या कॅडमियमचा धूर फुप्फुसं खातो. सराफ्यात ज्यांनी तो वर्षानुवर्षं घेतला त्यांचा खोकला मी ऐकला आहे. रेण चांदी, तांबं आणि जस्ताचंच कर, सोबत टाकणखार, आणि खिडकी उघडी.

मापाचं बोलायचं तर आपल्या नरहरी सोनारांची कथा तुला ठाऊक आहे. विठ्ठलाच्या कमरेचा दागिना घडवायचा, पण शिवभक्त म्हणून देवळात पाऊल टाकायचं नाही, दुसऱ्यानं आणलेल्या मापावर काम करायचं. कधी सैल, कधी तंग. शेवटी डोळ्यांवर पट्टी बांधून का होईना, स्वतः जाऊन माप घ्यावं लागलं. कीर्तनकार त्यातून हरिहर एकच असं सांगतात. मी सोनार, मला त्यात दुसऱ्याच्या मापावर घडवू नये हे आधी ऐकू येतं. तू फोनवर आलेल्या इंचांवर पट्टा कापतेस. मनगटाचा घेर आणि पट्टीची लांबी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तीन मिलिमीटर जाड चामडं पूर्ण गोल वळवलं की त्याचा बाहेरचा घेर आतल्यापेक्षा सुमारे १९ मिलिमीटरनं जास्त भरतो. त्यात दोन पदर शिवलेस तर बाहेरचा पदर लांबच कापायला हवा, आणि शिवायचा तो वळवून, सपाट ठेवून नाही. सपाट शिवलास म्हणून तुझ्या कड्याच्या आतल्या बाजूला सुरकुत्या पडल्या आहेत. गिऱ्हाईक लांबचं असेल तर कागदाची पट्टी मनगटाला गुंडाळून, खूण करून, ती पट्टीच पोस्टानं मागव.

आपलं हवामानही लक्षात ठेव. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, तेव्हा चामडं लाकडासारखं होतं. जुलै-ऑगस्टमध्ये कपाटातल्या पट्ट्यांवर पांढरी बुरशी धरते. उन्हाळ्यात कापलेला पट्टा पावसाळ्यात थोडा सैल येतो, तेवढी जागा आकड्याच्या घरांत ठेव. तयार माल प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवू नकोस, सुती फडक्यात ठेव.

चामडं कुठून येतं हे इथे लोक विचारणारच. २०१५ च्या कायद्यानं महाराष्ट्रात गायीबरोबर बैलाचीही कत्तल बंद झाली. म्हशीचं चामडं घे, दुकानदाराकडून तसं पावतीवर लिहून घे आणि पावती जपून ठेव. म्हशीचं चामडं जाड आणि चिवट असतं, मनगटपट्ट्याला ते उलट बरंच.

आता एक गोष्ट जरा जपून लिहितो. तुझे आजोबा दुकानाच्या उंबऱ्याच्या आत चप्पल तर सोडच, चामड्याचा कमरपट्टासुद्धा येऊ देत नसत. सोवळंओवळं म्हणायचे, खरी गोष्ट जातीची होती. तू चामडं हातात घेतलंस याचा मला आनंद आहे. पण पुस्तकं आणि व्हिडिओ पाहून शिवण शिकलीस आणि आता सगळं एकटीच करणार म्हणतेस, ते मला पटत नाही. ज्या शहरात १९५६ साली बाबासाहेबांनी दीक्षाभूमीवर लाखो लोकांना जातीच्या ओझ्यातून बाहेर काढलं, तिथेच चामड्याचं काम पिढ्यान्‌पिढ्या अंगावर घेतलेली, त्यासाठी अपमान सोसलेली माणसं आहेत. हात त्यांचे तयार आहेत. चांगल्या हाताच्या माणसाकडे जा, त्यांना काका म्हण, खाली बस आणि आरी कशी धरतात ते पाहा. मग जमलं तर पट्टे त्यांच्याकडूनच करून घे, आणि भाव त्यांनी सांगितलेला दे. आपण सोनार घडणावळीत घासाघीस सहन करत नाही, मग त्यांच्याशी का करायची?

आणि नाव. कड्याच्या आत तू तुझा शिक्का मारतेस. पट्ट्यावर त्यांचाही असू दे. २०२५ च्या जूनमध्ये मिलानला प्राडा या फॅशन कंपनीनं कोल्हापुरीसारख्या चपला रंगमंचावर आणल्या आणि आधी कोल्हापूरचं नावही घेतलं नाही, तेव्हा आपण सगळे चिडलो. कोल्हापुरीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं होतं म्हणून बोलायला जागा तरी होती. घरच्या घरी आपण तेच करत असलो तर मिलानवर चिडायला तोंड राहत नाही.

दाम लावताना तीन ओळी वेगळ्या लिही: चांदीचं वजन आणि त्या दिवसाचा भाव, घडणावळ, पट्टा. २०२५ मध्ये चांदी किलोला लाखाच्या वर गेली. चार तोळ्यांच्या कामातही आता भाव जाणवतो, म्हणून तो झाकून ठेवू नकोस. चांदी ९२५ चीच घे. निव्वळ चांदी मऊ पडते, आकडा उघडतो. हॉलमार्क करून घे. चांदीला तो अजून सक्तीचा नाही, पण शिक्का असला की शुद्धतेवर वाद होत नाही. आणि पावतीच्या मागे लिही की पट्टा झिजल्यावर नवा बसवून मिळेल, इतके पैसे पडतील. सराफ्यात गिऱ्हाईक पिढ्यान्‌पिढ्या परत येतं ते दागिना मोडायला, वाढवायला, सांधायला. तुझ्याकडे पट्टा बदलायला येईल.

रंगीत खडे बसवू का असं विचारलं होतंस. आत्ता नको. वेल पुरे.

हे कडं मी मोडलेलं नाही. खिळ्यांची डोकी कानशीनं उडवून पत्रा सुटा केला, मागचा चिकटा काढला. चार भोकं पडलीच आहेत, ती आतून चांदीच्या तुकड्यानं बुजव, किंवा तिथेच चार फुलं ठोक, वेलीला शोभतील. कड्यांसाठी तार ओढायला माझा जंतर घेऊन जा, माळ्यावरच्या पेटीत आहे. त्याची बारीक भोकं झिजून लांबट झाली आहेत, दोन मिलिमीटरच्या खाली ओढू नकोस. तुला त्याहून बारीक लागणारही नाही. पोळ्याच्या दिवशी दुकान बंद आहे, तान्ह्या पोळ्याला दुपारनंतर उघडेन. तेव्हा ये, आणि येताना पट्ट्याचा उरलेला तुकडा आण, चिरा कुठे द्यायच्या ते त्याच्यावरच आखू.

तुझा,
मामा