सांत्वन पुढे द्यावयाचे असते
शास्त्रपाठ : २ करिंथ. १:३-७, लूक १०:२५-३७

करिंथकरांस लिहिताना पौल एक क्रम दाखवितो : प्रथम संकट, मग देवाकडील सांत्वन आणि मग तेच सांत्वन दुसऱ्या संकटग्रस्ताला. आपण पुष्कळदा दुसऱ्याच पायरीवर थांबतो.

आम्ही भोपाळकर. २-३ डिसेंबर १९८४ च्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून विषारी वायू सुटला. रशीदा बी व चंपादेवी शुक्ला या दोघी वायुपीडितच. त्यांनी पीडित कामकरी स्त्रियांची संघटना उभी केली. १९८९ साली त्या पायी दिल्लीस गेल्या. २००४ च्या गोल्डमन पारितोषिकाच्या रकमेतून त्यांनी चिंगारी ट्रस्ट स्थापिला. तेथे मेंदूच्या विकारामुळे चालू-बोलू न शकणाऱ्या, पीडित कुटुंबांतील मुलांवर व्यायामोपचार होतात, त्यांना बोलावयास शिकवितात. ज्याचे जळते त्याला कळते. कळले म्हणूनच त्या बोलल्या.

या भगिनी आपल्या मंडळीतल्या नाहीत. शोमरोनीही नव्हता. आपण मात्र अशा मुलाला ‘बिचारा’ म्हणतो आणि त्याची आई मागच्या बाकावरून आशीर्वादापूर्वीच उठून जाते.

शिक्षकांसाठी प्रश्न : आपल्या मंडळीतील अशी दोन घरे एकमेकांस ओळखतात काय? नसल्यास येत्या रविवारी ती ओळख कोण करून देईल?