बाळाच्या अंगावरचे तपकिरी डाग



तान्ह्या मुलाच्या पाठीपोटावर तपकिरी डाग दिसले की घरात पहिली भीती कुष्ठरोगाची. मग मुलाला झाकून ठेवतात, शेजारीपाजारी त्याला उचलून घेत नाहीत. पण अशा डागांची कारणे अनेक असतात. त्यांपैकी एक दुर्मिळ विकार म्हणजे मॅस्टोसायटोसिस.

आपल्या त्वचेत मास्ट पेशी नावाच्या राखणदार पेशी असतात. पॉल एर्लिक या जर्मन शास्त्रज्ञाने १८७८ साली त्यांना हे नाव दिले. त्यांच्यात हिस्टामीन हे द्रव्य साठलेले असते. या विकारात त्या जागोजागी प्रमाणाबाहेर वाढतात व तेथे डाग किंवा बारीक गाठी येतात. मुलांत हा विकार बहुधा पहिल्या दोन वर्षांत दिसतो. तो स्पर्शाने पसरत नाही. बहुतेक मुलांचे डाग वयात येईपर्यंत फिके पडतात किंवा जातात.

डाग चोळला गेला तर थोड्याच वेळात तो लाल होऊन फुगतो व खाजतो, जणू गांधी उठली. ही खूण डॉक्टरांनी पाहावी. घरी मुद्दाम चोळू नये. कुष्ठरोगाचा चट्टा असा फुगत नाही. तेथे बहुधा स्पर्श कळत नाही. आणि कुष्ठरोगही औषधाने पूर्ण बरा होतो. म्हणून लपवण्याचे कारण कोणत्याच बाजूने नाही.

पुढील काळजी घ्यावी:

१. कढत पाणी, कडक ऊन व घासणे टाळावे. सर्दी झाली म्हणून अशा मुलाच्या अंगाला फेणी चोळू नये.

२. ॲस्पिरिन किंवा कोडीन असलेले खोकल्याचे औषध मनाने देऊ नये. शस्त्रक्रियेपूर्वी व दात काढण्यापूर्वी डॉक्टरांना विकार सांगावा.

३. काजूच्या बागेत मधमाशी व गांधीलमाशीपासून जपावे. दंशानंतर सर्वांग लाल होणे, ओकारी, दम किंवा चक्कर आल्यास थांबू नये. १०८ क्रमांकावर लगेच फोन करावा. चक्कर आल्यास मुलाला आडवे निजवावे.

४. मोठेपणी असे डाग आल्यास विकार हाडांच्या मगजातही असू शकतो. म्हणून रक्ताची व इतर तपासणी करून घ्यावी. अशा माणसाला हुर्राक-फेणीनेही त्रास होऊ शकतो.

डाग दिसताच मूल पेडण्याच्या सरकारी आरोग्य केंद्रात दाखवावे. गरज पडल्यास बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात त्वचेचा छोटासा तुकडा तपासून निदान पक्के करता येते. खाज व सूज कमी करणारी औषधे आहेत. मात्र मुलाला दूर ठेवू नका. त्याला कडेवर घ्या, इतर मुलांत खेळू द्या.