हवेने मोजलेली खोली

पाणकावळा बुडी मारून दिसेनासा होतो आणि थोड्या वेळाने भलत्याच जागी वर येतो. मधल्या काळात तो किती खोल गेला, हे काठावरील निरीक्षकाला कळत नाही. एका टोकाला बंद असलेली बारीक नळी पक्ष्याच्या अंगावर बांधली, तर मात्र हा प्रश्न सुटू शकतो. नळीत हवेखेरीज काही नसते.

तापमान कायम असता, वायूवरील दाब दुप्पट केल्यास त्याचे आकारमान निम्मे होते, हा नियम रॉबर्ट बॉइल यांनी १६६२ साली मांडला. समुद्रपृष्ठावर हवेचा एक वातावरण दाब असतोच. खाली दर दहा मीटरांना सुमारे तितकाच दाब वाढत जातो. साहजिकच १० सेंटिमीटर नळीतील हवा १० मीटर खोलीवर ५ सेंटिमीटर उरते आणि ३० मीटरांवर अडीच. उरलेल्या जागेत पाणी शिरते. परंतु वर येताना हवा प्रसरण पावून ते बाहेर लोटते. तेव्हा पाणी कोठवर पोहोचले होते, याची खूण मागे राहावयास हवी. खरी युक्ती येथेच आहे.

विल्यम टॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्विन, यांनी १८७०च्या दशकात समुद्राची खोली मोजण्यासाठी काचनळीला आतून सिल्व्हर क्रोमेटचा तांबूस लेप दिला. खारे पाणी लागे तेथे तो पांढरा पडे. तारेने नळी खाली सोडली की जहाज न थांबवता खोली कळे. पक्ष्यांसाठी पुढे लेपाऐवजी पिठीसाखरेसारखी विरघळणारी पूड वापरण्यात आली. नळीच्या लांबीला कोरड्या भागाच्या लांबीने भागावे, भागाकारातून एक वजा करावा व दहाने गुणावे. आलेले उत्तर मीटरांत असते.

समुद्र नसला तरी अडत नाही. जयपूरच्या दक्षिणेस असलेल्या चाकसूसारख्या गावी खोल विहिरीतही वजन बांधून नळी सोडता येईल. अर्थात गोड्या पाण्यात पूडच हवी. शिवाय दहाचा गुणक तपासून घ्यावा लागेल: समुद्रसपाटीवर एका वातावरणासाठी गोड्या पाण्याचा १०.३ मीटर स्तंभ लागतो, आणि उंचावरील गावी हवेचा दाब कमी असल्याने हा आकडा घटतो.

खोली वाढते तशी नळीची अचूकता मंदावते. १९७१ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात अशाच नळ्यांनी सम्राट पेंग्विनची २६५ मीटरांची बुडी नोंदवली. तेवढ्या खोलीवर १० सेंटिमीटर नळीतील हवा साडेतीन मिलिमीटरांच्या आसपास उरते. केसाएवढी चूकही तेथे अनेक मीटरांची होते. उबदार हवा थंड पाण्यात आकसते, काही पाण्यात विरघळते, आणि दोन्ही कारणांनी पक्षी आहे त्याहून खोल गेल्याचे भासते. बुड्या कितीही असोत, नळी सांगते ती फक्त सर्वांत खोल बुडी. पक्षी तेथे किती वेळ राहिला, हे तिला माहीत नसते. त्यासाठी इलेक्ट्रॉनिक नोंदयंत्रे लागतात.

तरीही ही मोजणी निव्वळ कुतूहलाची नव्हे. बुडी मारणारे समुद्रपक्षी मासेमारीच्या जाळ्यांत अडकून गुदमरतात. कोणता पक्षी किती खोल जातो हे ठाऊक असेल, तरच कोणत्या खोलीवरील जाळे त्याला घातक ठरेल, हे सांगता येते.