घर हीसुद्धा एक शाळाच

‘आमचेच शिक्षण कमी, आम्ही मुलांना घरी काय शिकविणार?’ असे अनेक पालक म्हणतात. त्यांच्यासाठी व विद्यार्थी मित्रांसाठी हे चार शब्द.

पुण्या-मुंबईत काही पालक मुलांना शाळेत न घालता घरीच, रोजच्या व्यवहारातून शिकवितात. त्यातील घेण्यासारखे काय, हे आपण पाहू.

ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. १९५७ साली ते कोसबाडला गेले. आदिवासी मुले गुरे राखायला जात, म्हणून शिक्षकच कुरणात गेले. तीच ‘कुरणशाळा’. खडे, पाने, बिया हेच तेथील साहित्य! आपल्या कोल्हापुरात लीलाताई पाटील यांनी १९८५ साली ‘सृजन आनंद विद्यालय’ सुरू केले. पाठांतरापेक्षा अनुभवातून शिकण्यावर तेथे भर दिला गेला.

हे आपल्या नेसरीत घरोघरी करता येईल. आठवडी बाजारात मुलाच्या हाती शंभर रुपये द्यावेत. तीस रुपये किलोचे टोमॅटो अर्धा किलो घेतले, तर परत किती यावेत, हे त्यानेच सांगावे. शेतात दोरीने ३३ फूट लांब व ३३ फूट रुंद जागा मोजायला लावावी. तो झाला एक गुंठा. असे ४० गुंठे म्हणजे एक एकर. विजेचे बिल आले की ९ वॅटचा दिवा किती तास जळाला म्हणजे एक युनिट होते, ते काढायला सांगावे. उत्तर येते सुमारे १११ तास. २४ फेब्रुवारी १६७४ रोजी प्रतापराव गुजर येथे धारातीर्थी पडले. त्यांच्या स्मारकापाशी उभे राहून ‘याला किती वर्षे झाली?’ असे विचारले, तर इतिहास व वजाबाकी दोन्ही होतात.

यासाठी पदवी लागत नाही. आईला माप ठाऊक असते, आजोबांना पेरणी ठाऊक असते. मात्र उत्तर आपण सांगू नये. मूल चुकले तरी रागावू नये, पुन्हा मोजायला सांगावे. दिवसाअखेर त्याने चार ओळी वहीत लिहाव्यात, म्हणजे अनुभवाला अक्षरांची जोड मिळते.

पण म्हणून शाळा सोडावी काय? मुळीच नाही! साताऱ्याच्या शाळेत बाल भीमरावांना वेगळे, गोणपाटावर बसावे लागले. तरी सुभेदार रामजींनी त्यांची शाळा सोडविली नाही. उलट घरी अभ्यास करून घेतला. परळच्या चाळीतील एका खोलीत ते स्वतः जागत आणि रात्री दोन वाजता मुलाला अभ्यासाला उठवीत. शाळा आणि घर दोन्ही उभी राहिली, म्हणून बाबासाहेब घडले. २००९ च्या कायद्याने ६ ते १४ वर्षांच्या प्रत्येक मुलाला मोफत शिक्षणाचा हक्क मिळाला आहे. इतक्या कष्टाने उघडलेले दार आपल्याच हाताने लावून घेऊ नये. कामाला हातभार लागतो म्हणून मुलाला घरी ठेवणे आणि त्याला कामातून शिकविणे, यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे.

तेव्हा पालकहो, दिवसा शाळा, सांजेला घर आणि सुट्टीला बाजार-शिवार, असा क्रम ठेवू या. रोज अर्धा तास मुलासाठी काढू या. आजच सुरुवात करू या!