समुद्र लांब आहे म्हणून पुन्हा नीटच?

नीटचा निकाल लागला की माझ्याकडे येणाऱ्या पालकांचा प्रश्न ठरलेला असतो: "थोडक्यात हुकलं, अजून एक ड्रॉप घेऊ द्यायचा का?" पहिला ड्रॉप मी समजू शकतो. तिसऱ्याला माझं उत्तर 'नाही' असंच आहे. इंजिनिअरिंग, फार्मसी, नर्सिंग, कृषी यांची माहिती कोणत्याही क्लासमध्ये मिळते, त्यावर इथे जागा घालवत नाही.

ज्यांना जीवशास्त्र खरोखर आवडतं, त्यांना मी समुद्र आणि खाड्यांचं संशोधन सुचवतो. लगेच आई-वडील म्हणतात, "सर, नागपूरला कुठे समुद्र?" महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचं मुख्यालय याच शहरात आहे. त्याचं मत्स्यविज्ञान महाविद्यालय तेलंगखेडीला आहे. चार वर्षांची बीएफएस्सी इथेच होते. पुढे एमएफएस्सी आणि पीएचडीला मुंबईत वर्सोव्याची केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था आहे. साध्या बीएस्सीनंतर गोवा विद्यापीठ आणि कोचीचं विद्यापीठ सागरी विज्ञानात एमएस्सी देतात. गोव्यात दोना पावलाला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे, तिची स्थापना १९६६ ची. आणि खाऱ्या पाण्याचा अभ्यास विदर्भाला परका नाही: २०२० च्या जूनमध्ये लोणार सरोवर गुलाबी झालं, तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं त्याचं कारण मिठात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमध्ये शोधलं.

खाडीचं काम मला जास्त मोलाचं वाटतं, कारण तिथे काहीच स्थिर नसतं. समुद्राच्या एक किलो पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. गोव्यातल्या मांडवी-झुआरी नद्यांत उन्हाळ्यात हे खारं पाणी कित्येक किलोमीटर आत चढतं, आणि पावसाळ्यात नदी ते मागे लोटते. एकाच जागेचा नमुना भरतीला वेगळा, ओहोटीला वेगळा. कोळंबीची पिल्लं कुठे वाढतील, तिसऱ्या (शिंपले) कुठे टिकतील, ते यावर ठरतं. ठाण्याच्या खाडीला २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून रामसर दर्जा मिळाला. तिथल्या खारफुटीवर, गाळावर, पक्ष्यांवर वर्षानुवर्षं नोंदी ठेवणारी माणसं लागतात.

याच क्षेत्रातलं आणखी एक काम कुणी सांगतच नाही: विज्ञानाचं नियतकालिक चालवणं. दोना पावलाच्या संस्थेनं 'महासागर' नावाचं शोधपत्र काढलं होतं. मराठीत 'सृष्टिज्ञान' १९२८ मध्ये सुरू झालं. शोधपत्राचा संपादक आलेला लेख दोन-तीन जाणकारांकडे तपासायला पाठवतो, त्यांचे आक्षेप लेखकाला कळवतो, दुरुस्त लेख पुन्हा वाचतो. खाडीवरच्या लेखात नमुना घेतल्याची वेळ आणि भरती-ओहोटीची स्थिती दिली नसेल, तर तो लेख परत पाठवण्याची हिंमत त्याच्यात हवी. प्रजातींची नावं, आकडेमोड, संदर्भ, सगळं त्याच्या नजरेखालून जातं. ज्या मुलीला विज्ञानही आवडतं आणि भाषाही, तिला "लिहिण्यात काय ठेवलंय" म्हणून गप्प बसवू नका. आणि मुलांनो, पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या शोधपत्रांच्या नादी लागू नका. तो कागद पुढे तुमच्याच विरुद्ध बोलतो.

वाट लांब आहे, हे लपवत नाही. नेट-जेआरएफ ही संशोधनवृत्ती मिळाली तर सुरुवातीला महिना ३७ हजार रुपये, नाहीतर प्रकल्पावरची कंत्राटी नोकरी. पीएचडीला पाच वर्षं सहज जातात. पगार आणि स्थैर्य लवकर हवं असेल तर ही वाट धरू नका.

पण ज्या मुलाला माशांचे कल्ले, पाण्यातले जीव बघताना वेळेचं भान राहत नाही, त्याला "चार लोकांत काय सांगू" या भीतीपोटी पुन्हा कोचिंगमध्ये कोंबणं हा अन्याय आहे. लाखोंची फी भरणारे पालक मुलाचा एक दिवस प्रयोगशाळेत जाऊ देत नाहीत, याचा मला राग येतो. फॉर्म भरण्याआधी त्याला तेलंगखेडीच्या महाविद्यालयात घेऊन जा. तिथल्या प्राध्यापकांशी त्याला एकट्याला बोलू द्या, आणि तुम्ही बाहेर थांबा.