जुन्या रिळाची साफसफाई

गळाने मासे पकडण्याचा छंद इंग्लंडमध्ये फार जुना आहे. गळाची दोरी ज्या चक्रावर गुंडाळतात, त्याला रीळ म्हणतात. इंग्लंडच्या उत्तर भागात ॲनिक नावाचे गाव आहे. तेथे विल्यम हार्डी यांनी १८७२ साली आपला व्यवसाय सुरू केला. पुढे हार्डी बंधूंचे 'परफेक्ट' नावाचे रीळ १८९१ साली बाजारात आले. त्यात धातूचे छोटे छर्रे बसवलेले असल्यामुळे ते अगदी सहज फिरे. अशी जुनी रिळे लोक आजही जपून ठेवतात.

पण वर्षानुवर्षे पडून राहिलेले रीळ फिरत नाही. आतले ग्रीस वाळून घट्ट होते. पितळेवर हिरवट डाग पडतात. मग ते दुरुस्त कसे करावे?

प्रथम टेबलावर पांढरे कापड पसरावे, म्हणजे निसटलेला छर्रा हरवत नाही. स्क्रूच्या खाचेत नेमका बसेल असाच पेचकस वापरावा. स्क्रू घट्ट असेल तर जोर करू नये. तेलाचा एक थेंब सोडून रात्रभर वाट पाहावी. सुटे केलेले भाग ज्या क्रमाने निघाले, त्याच क्रमाने मांडून ठेवावेत. कोमट पाणी, थोडा साबण आणि मऊ ब्रश यांनी मळ काढावा. भाग पूर्ण कोरडे करून हलके तेल लावावे आणि दात्यांना थोडे ग्रीस द्यावे.

आपल्याला वाटते, पितळ आहे तर चिंच लावून लख्ख करावे. येथेच घात होतो! उन्हात पितळ चकाकले की मासे बिचकतात. म्हणून कारागिरांनी अनेक रिळांवर मुद्दाम काळपट थर दिला होता. घासल्याने तो थर जातो. त्यावर कोरलेली अक्षरेही पुसट होतात. भांड्याची कलई गेली तर कलईवाला नवी करून देतो. रिळावरही नवा थर देता येईल. पण तो त्या जुन्या कारागिराच्या हातचा नसेल.

म्हणून मळ काढावा, खूण पुसू नये. स्वच्छ करणे आणि नवे करणे यांत फरक आहे.

शब्दार्थ
छर्रा – लहान गोल गोळी
बिचकणे – घाबरून दूर जाणे
घात होणे – मोठे नुकसान होणे
पुसट – अस्पष्ट

स्वाध्याय
१. पांढरे कापड का पसरावे?
२. कारागिरांनी रिळावर काळपट थर का दिला?
३. तुमच्या घरातील एका जुन्या वस्तूची निगा कशी राखाल? पाच वाक्ये लिहा.